देवळीतला सर्व्हर : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

माळ्यावरची पत्र्याची पेटी आज खाली उतरवली. आत ४१ कॅसेटी, लग्नांच्या आणि जावळांच्या १८ सीडी-डीव्हीडी. कपाटात २ टीबीची एक पोर्टेबल डिस्क आहे. घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो-व्हिडिओ त्या एकट्या डिस्कवर. दुसरी प्रत कुठेच नाही.

कॅसेटींपैकी नऊवर काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'बाई, १९८८'. आमच्या आजीला सगळं गाव बाई म्हणायचं. त्या उन्हाळ्यात काकांनी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, घेतला आणि बाईला जात्यापाशी बसवून ओव्या भरून घेतल्या. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणीही आहेत. बाई २००९ साली गेली. तेव्हापासून ही पेटी कोणी उघडली नव्हती.

यंदा आखाजी ३० एप्रिलला आहे. दोघी बहिणी माहेरी येतील, तोवर टीव्हीचा रिमोट दाबला की बाई गायला लागली पाहिजे. पेन ड्राइव्हवर गाणी टाकून हे भागणार नाही. तो हरवतो, नाहीतर कोणीतरी त्यावर दुसरंच काही भरतं. घरात एक छोटं यंत्र कायम चालू हवं, सगळं त्यात असावं, टीव्हीवर आणि फोनवर तिथूनच दिसावं.

आई अहिराणीत म्हणाली, "कसाले इतला खटाटोप करी राहिना रे भाऊ?" मी पहिली कॅसेट पुसत होतो, उत्तर दिलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर आणला. या कामात पहिली खरेदी हीच करावी असं माझं ठाम मत झालंय. अंदाजाने केलेले हिशोब मागून महागात पडतात.

जुना डेस्कटॉप नुसता चालू ठेवला, काहीही न करता, तर ६४ वॉट. एक वॉट वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिट होतात. म्हणजे ६४ वॉटचे वर्षाला ५६० युनिट, महिन्याला सेहेचाळीसेक. हिवाळ्यात आमचं बिल नव्वद युनिटांच्या आसपास असतं आणि १०० युनिटांच्या पुढचा टप्पा महाग. हा डेस्कटॉप चालू ठेवला तर दर महिन्याला उंबरठा ओलांडला जाणार.

पण मला बिलापेक्षा उन्हाचा विचार जास्त पडलाय. यंत्र जेवढे वॉट खातं तेवढी उष्णता खोलीत सोडतं. अमळनेरच्या मे महिन्यात वरच्या स्लॅबच्या खोलीत पंखासुद्धा गरम हवा फेकतो. तिथे ६४ वॉटची शेगडी चोवीस तास कोण ठेवील? शिवाय लाईट गेल्यावर हे ओझं इन्व्हर्टरवर येणार.

ठरवलं: टीव्हीवर काही चालू नसताना १० वॉटच्या आत, राऊटर सोडून.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतलं झेंडावंदन आटोपून बसलो. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक माझ्याकडे होताच, मुलांना दाखवायला घेतलेला. त्यावर डेबियन लिनक्सवर आधारलेली त्याची नेहमीची प्रणाली आणि वर जेलीफिन, म्हणजे घरातली गाणी-व्हिडिओ टीव्हीवर आणि फोनवर पोचवणारं सॉफ्टवेअर. जेलीफिन निवडायचं कारण साधं आहे. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे, बाहेरच्या कुठल्या कंपनीत खातं उघडावं लागत नाही, आणि इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात चालतं. २०१८ च्या शेवटी एम्बी या सॉफ्टवेअरपासून वेगळं होऊन ते निघालं.

संध्याकाळपर्यंत डिस्क चार वेळा आपोआप निखळली. तीन तास केबलीच बदलत बसलो. मग पायला विचारलं की वीज पुरेशी मिळतेय का, तर उत्तर आलं ०x५०००५, म्हणजे व्होल्टेज कमी आणि वेगही आवळलेला. मी त्याला घरातला फोनचा चार्जर लावला होता. पायला ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पियर लागतात, आणि चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ ॲम्पियरच देतात. फिरणारी डिस्क सुरू होताना एकदम जास्त ओढते. बरोबरचा ॲडॉप्टर मागवलाय.

३१ जानेवारी, शुक्रवार

ॲडॉप्टर आला, निखळणं थांबलं. पाय आणि डिस्क मिळून ६.५ वॉट.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

कॅसेट डेक चुलतभावाकडून आणला. हेडवर तपकिरी थर होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घेतो, कारण इतकी वर्षं पडून टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. डेकची तार यूएसबी साउंड कार्डात, तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाच्या टेपची कच्ची फाइल १ जीबीच्या थोडी वर जाते, फ्लॅकमध्ये दाबली की साधारण निम्मी होते आणि आवाजातलं काहीही जात नाही. वेळ मात्र वाचवता येत नाही. तासाच्या कॅसेटला तास द्यावाच लागतो.

पहिली कॅसेट आईला ऐकवली. तिने दोन ओव्या ऐकल्या आणि मान हलवली. "हाऊ बाईना आवाज नही."

शब्द बाईचे, जात्याची घरघर तीच. पण आवाज बारीक, चिरका आणि थोडा घाईत. तेव्हा लक्षात आलं की काकांच्या टू-इन-वनचा पट्टा सैल असणार. भरताना टेप हळू सरकली, की नीट डेकवर ती जलद वाजते आणि आवाज चढतो.

किती चढलाय हे कशावरून ठरवायचं? उत्तर त्याच टेपमध्ये निघालं. काकांनी सेल न घालता टू-इन-वन विजेवर लावला होता, म्हणून आवाजाच्या तळाशी विजेची बारीक गुणगुण भरली गेलीय. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा गुणगुण ५० आणि १०० वर दिसायला हवी. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती आवाज आहे त्याचा आलेख. त्याची खिडकी ६५५३६ नमुन्यांची घेतली, म्हणजे पाऊण हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. शिखरं होती ५३ आणि १०६ वर.

छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात आलेली वीज स्वतःची मोजपट्टी त्या टेपवर ठेवून गेली होती. मी बराच वेळ त्या दोन शिखरांकडे बघत बसलो.

५३ चे ५० करायला वेग ५.७ टक्क्यांनी कमी केला. फरक जवळजवळ एका अर्ध्या स्वराचा. आईला पुन्हा बोलावलं. ती म्हणाली, जवळ आलीय, पण अजून बाई नाही.

आईचंच बरोबर होतं. त्या काळी विजेचा तुटवडा असे आणि ग्रिडची वारंवारता ५० वर ठाम नसे, बरेचदा खाली घसरलेली असे. माझी मोजपट्टीच थोडी आखूड होती. मग आईच्या कानावर सोडलं. साडेसहा टक्के, सात, साडेसात अशा तीन फाइली केल्या आणि कोणती कुठली ते न सांगता ऐकवल्या. सात टक्क्यांच्या फाइलीला तिने हात वर केला, डोळे मिटले आणि ओवीच्या पुढच्या ओळीत स्वतःचा आवाज मिसळला. थांबल्यावर म्हणाली, "हाऊ शे बाईना आवाज."

सात टक्क्यांना गुणगुण ४९.३ वर येते. मला ते पटतं.

कच्च्या फाइली 'मूळ' नावाच्या फोल्डरात तशाच ठेवल्या आहेत, एक शिंतोडाही न उडवता. खरखर काढायचा मोह होतो, पण खरखर काढताना जात्याचा आवाजही जातो. तो मला हवाय.

२३ फेब्रुवारी, रविवार

२६ कॅसेटी झाल्या. तीनमधली दाबगादी, म्हणजे टेप हेडवर टेकवणारा स्पंजाचा तुकडा, गळून पडलेला. दुसऱ्या रिकाम्या कॅसेटीतून काढून बसवला. तेवीस नंबरची टेप तुटलीय, ती बाजूला ठेवली.

२ मार्च, रविवार

फाइलींना नावं देताना वेगळाच अडथळा आला. मी प्रत्येक गाण्याच्या फाइलीला त्याची पहिली ओळ नाव म्हणून देत होतो, देवनागरीत. एका ठिकाणी यंत्राने साफ नकार दिला, नाव फार लांब आहे म्हणून. ओळ तर जेमतेम दीड हात. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं, तीही मात्रांसकट.

मार्ग हा काढला: फाइलीचं नाव छोटं, 'बाई-०३-अ-०७' असं, म्हणजे तिसरी कॅसेट, अ बाजू, सातवं गाणं. पूर्ण ओळ, गाणारीचं नाव, कोणत्या सणाचं, कोणी भरलं हे सगळं फाइलीच्या आतल्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या माहितीच्या रकान्यांत. जेलीफिन संगीताच्या बाबतीत टॅगच वाचतं, त्यामुळे टीव्हीवर पूर्ण ओळ दिसते. टॅग लिहायला रोज रात्री जेवणानंतर आई बसते. ती ऐकते, सांगते, मी टाइप करतो. तीन ठिकाणी मी लिहिलेला शब्द चुकीचा निघाला. मला अहिराणी समजते, पण बाईची अहिराणी आईच्याही आधीची आहे.

१५ मार्च, शनिवार

डीव्हीडी. दोन वाचल्याच जात नव्हत्या. खराब डिस्क पुन्हापुन्हा वाचून बघणारं डीडीरेस्क्यू रात्रभर लावून ठेवलं, एक पूर्ण आली, दुसरीतली मधली अकरा मिनिटं गेली ती गेलीच. जुन्या व्हिडिओ सीडींचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच. डीव्हीडीच्या चित्रात हलताना कंगव्यासारख्या रेघा दिसतात, कारण ते जुन्या टीव्हीसाठी एकाआड एक ओळीत भरलेलं असतं. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एकदाच रेघा काढून एच २६४ या, जुन्या टीव्हीलाही कळणाऱ्या प्रकारात बसवलं.

भाच्याने फोनवर काढलेले व्हिडिओ मात्र पायला झेपले नाहीत. ते एचईव्हीसी या नव्या प्रकारचे, आमचा टीव्ही नऊ वर्षांचा, त्याला तो प्रकार कळत नाही. मग सर्व्हरला ते चालता चालता बदलून द्यावे लागतात. पायच्या चारही कोअर शंभर टक्क्यांवर, तापमान ८० अंशांवर, आणि त्याने स्वतःचा वेग कमी केला. चित्र दर चार सेकंदांनी थांबत होतं. अप्पा काही बोलले नाहीत, पण उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दोन गोष्टी ठरल्या. एक, इंटेलच्या एन १०० प्रोसेसरचं छोटं यंत्र घ्यायचं, पंखा नसलेलं, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पेटीचं. त्या चिपमध्ये व्हिडिओ बदलण्याचा वेगळा भाग आहे, त्यामुळे हे काम ती सहज करते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बिबडे, कुरडया, पापड एकदाच घालून डबे भरून ठेवतात, रोज कोणी चीक शिजवत बसत नाही. व्हिडिओचंही तसंच करायचं. जुन्या टीव्हीला चालत नाही ते आत्ता, थंडीच्या उरल्यासुरल्या रात्रींत, एकदाच बदलून ठेवायचं. मग उन्हाळ्यात यंत्राला फाइल उचलून देण्यापलीकडे काम उरत नाही.

३० मार्च, रविवार

गुढी उभारून झाल्यावर नवीन यंत्राची पेटी उघडली. पहिलं मोजमाप ९.४ वॉट. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या पायऱ्या बंद होत्या, त्या चालू केल्या. पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामने बाकीचं आवरलं. आता स्वस्थ बसलेलं असताना ६.८ वॉट. गाणं चालू असताना ७, व्हिडिओ तसाच पाठवताना ८, बदलून पाठवावा लागला तर १५-१६.

६.८ वॉटचे वर्षाला सुमारे ६० युनिट. डेस्कटॉपचे ५६० होते.

बायोसमध्येच आणखी एक पर्याय बदलला: वीज परत आली की आपोआप सुरू हो. हे विसरलं तर प्रत्येक वेळी लाईट आल्यावर कोणीतरी उठून बटण दाबायचं, आणि मी शाळेत असताना ते आईलाच करावं लागलं असतं.

६ एप्रिल, रविवार

दुपारी चार वाजता वरच्या खोलीत ४१ अंश. फाइली उतरवताना पोर्टेबल डिस्क ५७ वर गेली. बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ६० आहे, आणि खरा उन्हाळा अजून पुढेच. ताबडतोब काम थांबवलं.

डिस्कखाली खुंट्या लावून बघितल्या, छोटा पंखा लावून बघितला. पंखा ४१ अंशांचीच हवा फिरवतो, दोन अंश उतरले. मग थर्मामीटर हातात घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघर ३८, बैठक ३७. मागचं जुनं धाब्याचं घर, जिथे आई धान्याच्या कोठ्या ठेवते, तिथे त्याच वेळी ३३.

हातभराहून जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचं धाबं. आम्ही नवीन स्लॅब घातला तेव्हा ही खोली पाडायची की ठेवायची यावर घरात महिनाभर चर्चा झाली होती. अप्पांनी पाडू दिली नाही. त्या खोलीत उत्तरेच्या भिंतीत एक देवळी आहे, पूर्वी बाई तिथे कंदील ठेवायची. यंत्र तिथे बरोबर मावतं.

१३ एप्रिल, रविवार

देवळीला आतून लादीचे तुकडे बसवले, मातीची धूळ यंत्रावर पडू नये म्हणून. वायफाय त्या भिंतीतून आत जात नाही, फोनवर एक दांडीही दिसत नव्हती. बैठकीतल्या राऊटरपासून २२ मीटर लॅन केबल ओढली, ती पीव्हीसीच्या नळीतून, कारण कोठ्यांच्या खोलीत उंदीर आहेत. टीव्हीलाही केबलच दिली. वायफायपेक्षा हे सरस झालं, आता व्हिडिओ अडखळत नाही.

आज आणखी एक गोष्ट केली, जी खरं तर पहिल्या दिवशी करायला हवी होती. एकूण माल किती आहे ते मोजलं. कॅसेटी २१ जीबी, डीव्हीडी ६४, फोटो-व्हिडिओ ३५०. सगळं मिळून साडेचारशेच्या आत. म्हणजे फिरणारी डिस्क कायम लावून ठेवायची गरजच नाही. १ टीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, यंत्राच्या पोटातच बसवली. ना घरघर, ना झटके, ना ५७ अंश.

फिरणारी डिस्क आता फक्त दुसरी प्रत. दर रविवारी लावायची, आरसिंक चालवून नवीन-बदललेल्या फाइली उतरवायच्या, काढून कपाटात. कपाटात ठेवायची प्रत मुद्दाम चुंबकीय डिस्कवरच आहे. एसएसडी विजेविना उष्णतेत पडून राहिली तर तिच्यातला साठलेला भार हळूहळू गळतो, आणि आमच्याकडे उष्णतेची कमी नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

पुरणपोळी, सांजोरी, आमरस. अंगणातल्या निंबाला झोका. जेवणं झाल्यावर आईने कोणाला न सांगता रिमोट घेतला, आखाजीच्या गाण्यांचा फोल्डर उघडला आणि दाबलं.

मोठी ताई भांडी घासत होती. बाईच्या आवाजातली पहिली ओळ आली तशी ती राखेच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. कोणीच काही बोललं नाही. तिसऱ्या गाण्यात पाठीमागून एक लहान मूल खोकतं, मग बाई गाता गाता थांबते आणि म्हणते, पाणी पाजा पोरीला. ती पोरगी म्हणजे ताई. १९८८ साली ती चार वर्षांची होती.

ते गाणं सात वेळा लावलं. वॉटमीटरवर ७.

२ मे, शुक्रवार

ताई शिरपूरला निघाली. तिच्या पिशवीत बिबड्यांच्या डब्याशेजारी, मऊ टॉवेलात गुंडाळून, एक डिस्क दिली. ही तिसरी प्रत, दुसऱ्या गावी. एकाच घरात तीन प्रती असून उपयोग नाही. आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर तिन्ही एकदमच जातील. दिवाळीला ती ही डिस्क आणेल आणि नवी घेऊन जाईल.

११ मे, रविवार

वळवाचा पाऊस, जोराचा वारा. चार वाजता लाईट गेली ती रात्री साडेआठला आली. यंत्र आणि राऊटर दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून इन्व्हर्टरपर्यंत न जाता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. विकत घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटीवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचं, १२ व्होल्टवरचं नव्हे. म्हणजे ३७ वॉट-तास, त्यातलेही काही मधे वाया जातात. प्रत्यक्षात दोन्ही मिळून २ तास २० मिनिटं चालले. शेवटची पंधरा मिनिटं उरली की यंत्राने स्वतःहून नीट बंद व्हावं, म्हणून बॅटरीची अवस्था कळवणारा मोठा यूपीएस लागतो; हा तसा नाही. म्हणून साधी युक्ती केली: वरच्या खोलीतला, थेट विजेवर असलेला पाय दोन तास दिसला नाही तर सर्व्हर बंद होतो. जुना पाय या एका कामाला ठेवला.

२२ जून, रविवार

तपासणी. पूर्ण उन्हाळ्यात देवळीतल्या एसएसडीचं सर्वाधिक तापमान ४८. मे महिन्यात यंत्राने ५.२ युनिट खाल्ले.

३ ऑगस्ट, रविवार

आज कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. रोट भाजले, रात्री गल्लीतल्या बायका जमल्या. आईने आधीच बजावलं होतं की फोन समोर धरून उभा राहू नकोस, बायका लाजतात. छोटा मायक्रोफोन दुपारीच खुंटीला, आरत्यांच्या पुस्तकामागे टांगून ठेवला होता आणि सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दोन तास चाळीस मिनिटं भरली. बाईच्या कॅसेटीतली तीन गाणी आज पुन्हा गायली गेली. आईने ती उन्हाळाभर टीव्हीवर ऐकून शेजारच्या सुनांना शिकवली होती. चाल तीच, पण एका गाण्यात आईने एक कडवं जास्त म्हटलं. टेप संपल्यामुळे ते कॅसेटीत भरलंच गेलं नव्हतं.

फाइलीला नाव दिलं 'आई-०१'. टॅगमध्ये सतरा जणींची नावं लिहायची आहेत. उद्या कानबाईचं विसर्जन आटोपलं की आईला विचारून लिहीन, आणि तेवीस नंबरची तुटलेली टेप जोडायला घेईन.